अजूच्या आईची माती

रंगाअण्णा गिरणीत आले तेव्हा चक्कीत चौगुलेकाकूंची ज्वारी पडत होती आणि बाकावर आणखी दोघीजणी डबे घेऊन बसल्या होत्या. अण्णा दारातूनच काहीतरी म्हणाले. गिरणी चालू असली की दारातलं माणूस माशासारखं दिसतं, नुसतं तोंड उघडतं आणि मिटतं. मी कानाकडं बोट दाखवलं. त्यांनी आणखी जोरात तोंड उघडलं.

मी बटण दाबलं. आता चक्कीचा आवाज काही एकदम थांबत नाही, तो हळूहळू उतरत जातो. अण्णांच्या ते ध्यानात आलं नाही. आवाज उतरत गेला तसे ते चढत गेले, आणि शेवटी सगळं शांत झालं तेव्हा त्यांचं पूर्ण ताकदीचं वाक्य गिरणीच्या मध्यभागी येऊन पडलं.

"अजूची आई गेली म्हंतोय मी!"

चौगुलेकाकूंनी तोंडाला पदर लावला. बाकावरच्या दोघी उठून उभ्या राहिल्या.

अण्णांनी जीभ चावली. "खाजगीत सांगायचं हुतं ओ, वैनी."

रंगाअण्णा इंगवले म्हणजे आमच्या पिंपळपार तालमीचे अध्यक्ष. आमच्याकडं फुटबॉलचे संघ तालमींचेच असतात, अण्णा तरुणपणी गोलकीपर होते. एवढा दांडगा माणूस, पण वाईट बातमी सांगायची म्हटली की पोरासारखा एका पायावरनं दुसऱ्या पायावर व्हायचा. त्यांनी इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला, ज्याचा आता काही उपयोग नव्हता.

"तिच्या भावाचा फोन आलता. मॅचच्या आदल्या दिशी पोरींचं फोन आमच्या कपाटात असत्यात, तुम्हास्नी ठावं हाय. तेजूनं उचलला. आज सकाळीच गेली म्हातारी."

"मग तिला सांगितलंत?"

"तेच सांगाय आलोय. सांगायचं न्हाई." त्यांनी माझ्याकडं न बघता पिठाच्या डब्याकडं बघितलं. "उद्या फायनल हाय. उद्या सांजच्याला मीच सांगतो. कप तिच्या हातात देतो आन् सांगतो."

"कप देऊन सांगणार?"

"म्हंजे तसं न्हवं ओ. तुम्हाला कळलं की." ते कासावीस झाले. "तिच्याच भल्याचं बोलतोय मी. उद्या गोव्यासनं एक माणूस येणार हाय तिला बघाय. परदेशातल्या क्लबांना पोरी पुरवतो त्यो."

"पुरवतो?"

"एजंट ओ! खेळाडूंचा! काय वैनी तुम्हीबी." त्यांनी कपाळ पुसलं. "आता मला सांगा, आत्ता कळून ती काय करणार? आफ्रिका काय गारगोटी हाय व्हय, एस्टीत बसली आन् उतरली? ती पोचंस्तवर तिथं राखबी सावडून झाली आसंल. मातीला तर काय ती गावत न्हाई. मग एक दीस आदी काय, एक दीस मागनं काय."

बाकावरच्या दोघींनी माना हलवल्या. आमच्यात हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. सकाळी गेलेलं माणूस दुपारपर्यंत घरात राहिलं तर गल्लीला घास गिळत नाही.

"खरं हाय," चौगुलेकाकू म्हणाल्या. "मढं काय वाट बघतंय व्हय कुणाची?"

मी चक्कीच्या चाड्यात हात घालून उरलेली ज्वारी खाली ढकलत राहिले.

"तुमच्या घरात ऱ्हाती म्हणून तुम्हाला सांगितलं," अण्णा जाता जाता म्हणाले. "तुमचा फोन तिला देऊ नगा. आन् तोंड नीट ठेवा."

*

तोंड नीट ठेवणं मला जमलं असतं. गल्लीला जमणार नव्हतं.

अजोआ आमच्याकडं आली त्याला तेव्हा सात-आठ महिने झाले होते. त्या वर्षी महिलांच्या लीगमध्ये एक परदेशी खेळाडू चालेल असा नियम निघाला, आणि अण्णांनी कुठून कुठून खटपट करून घानातली एक पोरगी आणली. आली ती थेट माझ्या माडीवरच्या खोलीत, कारण तालमीच्या पोरी वसतिगृहावर राहायच्या आणि तिथं हिच्या उंचीची कॉट नव्हती. तिकडं म्हणे ज्या वारी पोर जन्मतं त्या वाराचं नाव मिळतं. सोमवारची म्हणून अजोआ. आमच्याकडं जन्मली असती तर सोमाबाई झाली असती. गल्लीतल्या पोरांनी पहिल्याच दिवशी तिचं आजोबा करून टाकलं, मग मी एकेकाचा कान धरला आणि ती अजू झाली.

आमची ओळख भांडणानं झाली. आल्यावर चार दिवसांनी ती बादलीभर मका घेऊन गिरणीत उतरली. बघते तर मका भिजवलेला, टपटप पाणी गळतंय. तिच्याकडं म्हणे मका भिजवूनच गिरणीत नेतात, ओलाच दळून आणतात आणि त्याचं पीठ आंबवून शिजवतात. मी म्हटलं, बाई, माझ्या दगडात ओलं दळण घातलंस तर दगड बसतील आणि गल्ली उद्या भाकरीवाचून राहील. तिला एक शब्द कळला नाही. तिनं बादली चक्कीकडं सरकवली, मी परत तिच्याकडं सरकवली. अशी ती बादली बराच वेळ फिरली. शेवटी मी वाळलेला मका घेतला, दळला, तिच्यासमोर त्यात पाणी घातलं आणि म्हटलं, घे, आता भिजव तुला किती भिजवायचा तो. तिनं बोट बुडवून चाखलं, आणि तोंड असं केलं की जणू मी मीठ समजून साखर घातली होती. पण हसली.

मग रोजचंच झालं. तिचं अर्धं इंग्रजी आणि अर्धं पोरींकडून उचललेलं कोल्हापुरी, "मी येतो, मी जातो" असलं. माझं कोल्हापुरी पूर्ण आणि इंग्रजी पेपरच्या रद्दीतून जमवलेलं. आम्ही काय बोलायचो ते तसंच लिहिलं तर तुम्हाला हसूच येईल, म्हणून इथं सरळ करून सांगते.

तिची एक रीत मला फार आवडायची. मी माडीवर गेले, अगदी दोरीवरचे कपडे काढायला म्हणून गेले, तरी ती आधी मला खुर्चीवर बसवायची. मग पेल्यातून पाणी द्यायची. मी पाणी पिऊन पेला खाली ठेवला, की समोर बसून हात मांडीवर घेऊन विचारायची, "मावशी, कशासाठी आलीस?" तिच्याकडं पाहुण्याला असंच विचारतात. पाणी प्याल्याशिवाय कुणी निरोप सांगायचा नाही, आणि पाणी प्याल्यावर निरोप दडवायचा नाही.

मी म्हणायचे, "अगं, कपडे वाळले का बघायला आले."

"चांगली बातमी आहे," ती गंभीरपणे म्हणायची.

*

दिवस कलायच्या आत पहिला डबा आला. चौगुलेकाकूंच्या सुनेनं आणला. पिठलं आणि भात.

"काकूंनी पाठवलाय," ती जिन्याकडं बघत कुजबुजली. "म्हणाल्या, सांगू नको, पण दे."

मागोमाग शिंदेबाईंचा. पिठलं-भाकरी. मग कोपऱ्यावरच्या मुजावरभाभींकडून डाळ-भात. मयताच्या घरात चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यांनी जेवण द्यायचं, ही रीत. आणि पोरीची आई गेलेली असताना तिनं आपल्या हातानं स्टोव्ह पेटवून मका शिजवावा, हे काही आमच्या बायकांच्याच्यानं बघवेना. अण्णांनी बोलायची बंदी केली होती. वाढायची केली नव्हती.

अजूनं माडीच्या कठड्यावरून वाकून विचारलं, "मावशी, आज सगळ्या मला पिवळं का देतात?"

"उद्या मॅच आहे ना. ताकद यावी म्हणून."

"मागच्या मॅचला दिलं नव्हतं."

"मागची फायनल नव्हती."

तिला पटलं असावं. ती वरूनच शिंदेबाईंना दोन्ही हात जोडून म्हणाली, "मी खातो! गोल मारतो!" आणि शिंदेबाई पदर तोंडात कोंबून जवळजवळ पळतच घरी गेल्या.

तेवढ्यात तेजू जिन्यावरून खाली आली. तेजू पोवार म्हणजे संघाची कॅप्टन, कॉलेजात शिकणारी, इंग्रजी फाडफाड बोलायची, म्हणून तो फोन तिच्या नशिबी आला. तिचे डोळे सुजलेले होते.

"काकी, मला न्हाई जमत. ती इचारालीया, डोळं का सुजल्यात. मी म्हटलं, कांदा चिरला."

"मग?"

"मग म्हणती, वसतिगृहावर तू कधी कांदा चिरलास?" ती पीठ सांडलेल्या पायरीवरच बसली. "तिचा भाऊ रडत हुता ओ फोनवर. मला म्हणाला, सिस्टर, तिला हळू सांगा. बसवून सांगा. आन् मी म्हटलं, हो, सांगतो. काकी, मी त्याला हो म्हटलंय."

मी गिरणीचं दार ओढून घेतलं. आत एक दळण अर्धं राहिलं होतं, ते तसंच ठेवलं. मग माझ्या भाच्याला, विशूला फोन लावला. तो विमानतळाच्या भाड्यांवर गाडी चालवायचा.

"विशू, मुंबईला जायचंय. आत्ता. गाडी गल्लीच्या तोंडाला लाव, आत आणू नको."

तेजूनं माझा हात धरला. "काकी, उद्याची फायनल? अण्णा जीव घेतील तुमचा."

"घेऊ देत."

"आन् समजा गेली तरी, अण्णा म्हणतात तसं, तिथं सगळं झालं आसंल की."

"झालं असलं तर झालं असेल," मी म्हटलं. "पण कुणीतरी तिला गाडीत तर बसवलं पाहिजे."

माझ्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक. तेजूनं हात सोडला.

*

मी वर गेले तेव्हा ऊन माडीच्या पत्र्यावरून उतरलं होतं. अजू डबे ओळीनं मांडून बसली होती, पुढच्या दिवसाचे बूट पुसत. मला बघून उठली. खुर्ची ओढली, पाणी भरलं.

मी पाणी घेतलं खरं. पण इतक्या हळू प्याले की ती हसायला लागली.

"गरम आहे का?"

"नाही."

मी पेला खाली ठेवला. ती समोर बसली, हात मांडीवर घेतले.

"मावशी, कशासाठी आलीस?"

येताना मी बरंच काही जुळवलं होतं. आजारी आहे म्हणायचं, बोलावलंय म्हणायचं, बाकीचं गाडीत तेजू सांगेल. पण त्या रीतीपुढं काही चाललं नाही.

"अजू," मी म्हटलं, "तुझ्या भावाचा फोन आला होता. आई गेली."

ती हलली नाही. माझ्या तोंडाकडं बघत राहिली, जणू वाक्य अजून पुरं व्हायचं आहे.

"कधी?"

"सकाळी."

"झोपेत?"

"ते मला माहीत नाही, बाळा."

तिनं मान हलवली. मग परत हलवली. मला वाटलं, आता हंबरडा फोडेल. नाही फोडला. बूट उचलून नीट भिंतीशी ठेवले. मला तेवढ्यानंच घाई झाली. मी उठले, तिची बॅग पलंगाखालून ओढली आणि दोरीवरचे कपडे त्यात कोंबायला लागले.

"काय करतेस?"

"चल. गाडी आलीय. रात्रभरात मुंबई गाठू. मिळेल त्या विमानात बस. पासपोर्ट कुठाय तुझा?"

"मावशी."

"अण्णांचं मी बघते. फायनल गेली खड्ड्यात. तू फक्त—"

"मावशी, थांब. कुठं जायचं?"

"कुठं म्हणजे? आईकडं! मातीला! उशीर झालाय, पण कदाचित, कुणी थोडं थांबवून धरलं असेल तर—"

तिनं माझ्या हातातला शर्ट काढून घेतला.

"ती थांबेल," अजू म्हणाली.

"कोण?"

"आई. मी गेल्याशिवाय नेणार नाहीत तिला."

मला वाटलं, धक्क्यानं बडबडतेय. मी तिच्या कपाळाला हात लावला. तिनं तो हळूच बाजूला केला आणि मला परत खुर्चीवर बसवलं.

"आमच्याकडे लगेच नेत नाहीत, मावशी. दवाखान्यात थंड खोली असते, तिथं ठेवतात. महिना, दोन महिने, तीन. माझा एक भाऊ इटलीत आहे, बहीण राजधानीत, आक्रात, मी इथं. सगळी मुलं आल्याशिवाय आईला कशी न्यायची? मग सगळे काका बसतात, भांडतात, तारीख ठरवतात, परत भांडतात. माझ्या आजोबांना तर इतके महिने थांबावं लागलं की काकांची जमिनीची भांडणंसुद्धा मिटली."

"तीन महिने?" मी म्हटलं.

"तीन, चार."

"मुलीसाठी?"

"मुलीसाठी, मुलासाठी. जो लांब असेल त्याच्यासाठी." तिनं माझ्याकडं निरखून बघितलं. "मावशी? मावशी, काय झालं?"

काय झालं ते मला सांगता येईना. मी सांत्वनाला आलेली बाई, आणि तिच्या खुर्चीवर बसून मीच अशी रडत होते की खाली तेजूनं जिन्याच्या चार पायऱ्या चढून विचारलं, "काकी, सांगितलंत का ओ?"

अजूनं तिला हातानं थांबवलं. मग माझ्यासमोर जमिनीवर बसली. माझे दोन्ही हात तिच्या हातात होते, पिठानं पांढरे, आणि तिच्याही हातांना पीठ लागत होतं.

"सांग," ती म्हणाली. "तू पाणी प्यालीस. आता सांगायचं."

म्हणून सांगितलं. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण आमच्यात ही सांगायची गोष्टच नव्हे. माझी आई गेली तेव्हा मी नवी लग्न होऊन इथं आले होते. माहेर गडहिंग्लजच्या पलीकडं, गाडीनं दोन तासांवर. निरोप मिळाला तशी मी नेसत्या लुगड्यानिशी निघाले. गावच्या फाट्यावर उतरले, आणि पळत निघाले, तर समोरून माणसं येत होती. सगळी ओली. नदीवरून परतत होती. माझा थोरला भाऊ सगळ्यात पुढं होता, डोक्यावरून पाणी निथळत होतं. मी म्हटलं, दादा, मला बघायचं होतं रे तोंड. तो म्हणाला, ऊन वाढाय लागलं हुतं, माले. आन् लेकीचं काय, तू आलीस तरी रडणार, न आलीस तरी रडणार.

"तो वाईट नव्हता," मी अजूला म्हटलं. "कुणीच वाईट नव्हतं. आमच्यात थांबत नाहीत."

"किती लांब होतीस?"

"दोन तास."

"दोन तास," अजू म्हणाली. मग तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली, जे माझ्या भावाच्या कानावर न पडलेलंच बरं.

 खाली गिरणीत विशूचा फोन वाजत होता, तेजूनं तो उचलून गाडी परत पाठवली. मग तिची नजर डब्यांवर गेली.

"म्हणून पिवळं दिलं सगळ्यांनी?"

"हो. ज्या घरात माणूस जातं तिथं चूल पेटवायची नसते. शेजारी आणून देतात."

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं?"

मी मान हलवली.

"अण्णांना?"

"त्यांनाच आधी."

  आई गेल्यापेक्षा हे तिला जास्त लागेल, असं मला वाटत होतं. तिनं शिंदेबाईंचा डबा ओढला, थंडगार पिठल्यात भाकरीचा तुकडा बुडवला आणि तोंडात घातला. तो चावता चावता तिचं तोंड वाकडं झालं. तिच्या आईला काय आवडायचं, ती बाजारात टोमॅटो विकताना कशी ओरडायची, अजूच्या पहिल्या मॅचला ती दुकान टाकून कशी आली होती आणि खेळातलं काही न कळून रेफ्रीलाच कशी शिव्या द्यायला लागली होती, ते सगळं ती एकेका घासाबरोबर सांगत गेली आणि रडत गेली. मग तेजू वर आली. चौगुलेकाकू आल्या, शिंदेबाई आल्या, गुडघेदुखी सांभाळत मुजावरभाभी आल्या. खोलीत बसायला जागा उरली नाही. मराठीत, इंग्रजीत, अजूच्या भाषेत, जिला जसं येईल तसं चाललं होतं.

निघताना चौगुलेकाकू माझ्या कानाशी लागल्या. "काय गं मालन, खरंच तीन-तीन महिनं ठेवत्यात?"

"हो."

"लेकीसाठी?"

"हो."

त्या उंबऱ्यातच थबकल्या. त्यांच्याही दोन लेकी लांब दिल्या होत्या.

*

सकाळी अण्णा आले ते तिचा फोन हातात धरून. गल्लीनं त्यांना सगळं सांगितलं होतं. आमच्या गल्लीला सांगायला गिरणी बंद करावी लागत नाही. मला बघून त्यांनी मान खाली घातली आणि वर गेले. मी मागून गेले, कारण दांडगी माणसं कोसळली तर कुणीतरी जवळ लागतं.

अजूनं त्यांना खुर्ची दिली. पाणी दिलं. अण्णा उभ्यानंच प्यायला लागले, तर तिनं खांद्याला धरून बसवलं. पेला रिकामा झाल्यावर ती समोर बसली.

"अण्णा, कशासाठी आलात?"

अण्णांनी फोन पुढं केला. "ह्यो द्याय आलो," ते म्हणाले, आणि पुढचं काही निघेना. ओठ नुसते हलत राहिले, गिरणीच्या दारात हलले होते तसे.

अजू म्हणाली, "अण्णा, पुढच्या वेळी आधी पाणी द्या. मग सांगा. लपवू नका."

"म्हंजे खेळणार न्हाईस आज?"

"कोण म्हणालं? आई थंड खोलीत आहे. घरचा भाऊ तिच्याजवळ आहे. मी इथं नुसती बसून काय करू?" तिनं बूट उचलले. "पण आज मी वाईट खेळले तर ओरडायचं नाही."

"च्यायला, आज कोण वरडला तर मी मुंडी मुरगाळतो त्याची," अण्णा म्हणाले, आणि बाहीनं नाक पुसलं.

ती वाईटच खेळली. मला फुटबॉलमधलं फार कळत नाही, पण चेंडू पायाशी आलेला असताना आभाळाकडं बघू नये, एवढं कळतं. गॅलरीतून नेहमीची आरडाओरड सुरू झाली होती, "अजू, झोपलीस व्हय गं!" तर अण्णा उठून अख्ख्या गॅलरीकडं तोंड करून उभे राहिले. गोव्याचा तो माणूस मध्यंतराला उठून चहाला गेला तो परत आलाच नाही. उत्तरार्धात तेजूनं कोपऱ्यावरून चेंडू उंच टाकला, आणि अजू कुठून आली ते कळलं नाही, सगळ्यांच्या डोक्यावर एक डोकं वर आलं आणि गोल झाला. तिनं नेहमीसारखी उडी मारली नाही. तिथंच खाली बसली, गवताला हात लावला, उठली आणि मधल्या रेषेकडं चालायला लागली. शेवटी बरोबरी झाली आणि पेनल्टीवर आम्ही हरलो. कप दुसऱ्या तालमीनं नेला. त्यांच्या पोरी वाजतगाजत गेल्या, आणि आम्ही चालत घरी आलो.

अजू पुढं केरळात खेळली, तिथून सायप्रसला, तिथून तुर्कस्तानला. आता तिच्या नावाचे टीशर्ट घालून पोरी फिरतात म्हणे. फोन येतो अधूनमधून. मका कुठंच नीट दळून मिळत नाही म्हणते.

पण मला सांगायचा आहे तो जूनमधला फोन. लीगच्या उरलेल्या मॅच संपल्यावर ती गावी गेली होती. काकांची भांडणं मिटून तारीख ठरली होती. दुपारची वेळ होती, गिरणी भरात चालली होती, आणि फोन थरथरला. त्यात तिचा चेहरा. डोक्याला लाल फडकं गुंडाळलेलं, अंगावर काळं. मागं ढोल आणि कुठलातरी बँड वाजत होता. मी चक्की बंद केली. चौगुलेकाकू शेजारीच होत्या, त्या सरकून माझ्या खांद्याला चिकटल्या.

"मावशी, बसलीस का?" अजूनं विचारलं.

"उभी आहे."

"बस."

मी बाकावर बसले. चित्र हललं, माणसांची गर्दी गेली, लाल-काळ्या कपड्यांतल्या बायका गेल्या, मग एक खोली आली, फुलांनी भरलेली. मध्ये पलंगावर तिची आई निजलेली होती. पांढरी लेस, गळ्यात सोनं, हातात सोनं, लग्नाला निघाल्यासारखी. तीन महिने थांबून आता तयार झालेली. अजूनं फोन जवळ नेला, आणखी जवळ, अगदी तोंडाशी. कपाळावरची एक सुरकुती मला दिसली. मिटलेल्या पापण्या दिसल्या.

"बघ," ती म्हणाली.

चौगुलेकाकूंनी डोक्यावर पदर घेतला.

तिच्या मागून कुणीतरी पुरुष काहीतरी म्हणाला. दुसऱ्यानं परत तेच म्हटलं, थोडं घाईत. अजूनं मान न वळवता त्यांना काही उत्तर दिलं, आणि ते गप्प झाले.

"काय म्हणतात गं ते?" मी विचारलं.

"म्हणतात, चला, वेळ झाली, न्यायचंय."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, थांबा. लेक अजून बघतेय."

मग मी घाई केली नाही.